ताईच्या कानातला मास्तर

कामावरचे सगळे त्याला बातमीदार म्हणत. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरातल्या निम्म्या इमारतींच्या लिफ्टा त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. पण सकाळी दात घासायच्या आधी तो जे फोनवर वाचायचा, त्याचा लिफ्टशी काडीचा संबंध नसायचा. कुठल्या कंपनीने नवा प्रोसेसर आणला, कुणाच्या अपडेटने कुणाचे प्रिंटर बंद पाडले, मेमरी का मिळेनाशी झाली, हे सगळं चहाबरोबर पोटात जायचं आणि साडेआठला वर्कशॉपमध्ये बाहेर यायचं.

"काय बातमीदार, आज कोण गेलं?" फोरमन हातमोजे चढवता चढवता विचारायचा.

"ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर. काल रात्री अपडेट आला, सकाळी लोकांचे पडदे काळे."

"अरेरे. मागे कोण कोण आहे?"

हसत असले तरी नवीन लॅपटॉप घ्यायची वेळ आली की तेच त्याच्याभोवती गोळा व्हायचे. कंपन्यांच्या आकड्यांवर त्याचा विश्वास नव्हता. तो म्हणायचा, "लिफ्टमध्ये पाटी असते ना, आठ माणसं म्हणून? कुठली आठ माणसं, ते पाटी लावणाऱ्यालाच ठाऊक. आपला फोरमन दोनदा मोजावा लागतो. बॅटरी वीस तास चालते म्हणतात, ते असंच." दर शुक्रवारी तो आपल्या वेबपेजवर एक लेख टाकायचा. वाचणारे तीनशेच्या आसपास होते, पण त्यातले बरेचसे त्याचा सल्ला घेतल्याशिवाय माऊससुद्धा विकत घेत नसत.

त्या वर्षी मात्र त्याचा सगळा अविश्वास एका यंत्रापुढे विरघळला. नव्या जातीच्या प्रोसेसरवर चालणारा लॅपटॉप आला होता. आत पंखा नाही, मांडीवर तापत नाही, आणि सबंध कामाचा दिवस चार्जरशिवाय निघतो. हे त्याने स्वतः घड्याळ लावून तपासलं होतं. वर बोलणं आणि ऐकणं यांच्यासाठी वेगळी चिप. सलग तीन शुक्रवार त्याने त्याच यंत्रावर लिहिलं. बायको औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होती. ती म्हणाली, "लग्नाच्या वेळी माझ्याबद्दल एवढं कौतुक कुणाला सांगितलं होतंस?"

"तुझी बॅटरी तेव्हा तपासली नव्हती," तो म्हणाला, आणि उशीचा मार खाल्ला.

त्याच सुमारास दुसरी बातमी होती. जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचे सुरक्षा अपडेट बंद होणार होते. ही बातमी त्याने वर्षभर चघळली होती. नवी सिस्टिम एका यादीतले, ठराविक वर्षानंतरचेच प्रोसेसर घेत होती, बाकीचे धडधाकट कॉम्प्युटर भंगारात काढा म्हणत होती. त्यावर त्याने दोन जळजळीत लेख लिहिले. पण लेख लिहून ताईचा कॉम्प्युटर यादीत बसणार नव्हता.

ताई त्याची थोरली बहीण, सात वर्षांनी मोठी. बाविसाव्या वर्षी आजारपणात तिची नजर गेली, तेव्हा तो शाळेत होता. आता ती पन्नाशीची होती आणि घरी बसून तीन क्ष-किरण तज्ज्ञांचे अहवाल टाइप करायची. डॉक्टर फोटो बघून रेकॉर्डरमध्ये बोलायचे, ती फाइल ताईकडे यायची, ताई ती टाइप करायची, पुन्हा एकदा तपासायची आणि पाठवून द्यायची. डाव्या कानात डॉक्टर. उजव्या कानात कॉम्प्युटर, तिने टाइप केलेलं तिलाच वाचून दाखवणारा.

या उजव्या कानातल्या आवाजाला ती मास्तर म्हणायची. चोवीस वर्षांपूर्वी हा मास्तर त्यानेच घरात आणला होता. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, आणि वाचून दाखवणारा प्रोग्रॅम कॉम्प्युटरमध्ये घालणारा ओळखीतला तो एकटाच. आवाज पत्र्याचा, चढ नाही, उतार नाही, माया तर मुळीच नाही. पण ताईने वर्षागणिक त्याचा वेग वाढवत नेला होता. आता मास्तर बोलू लागला की परक्याला वाटायचं, कुणीतरी पत्र्यावर वाटाणे ओततंय. ताईला त्यातला एकेक वाटाणा वेगळा ऐकू यायचा.

"तुला खरंच कळतं हे?" त्याने एकदा विचारलं होतं.

"तू पेपर वाचताना एकेक अक्षर मोठ्याने म्हणतोस का? तसंच आहे."

तर त्याने ताईला नवा लॅपटॉप भेट द्यायचं ठरवलं. रविवारी सकाळी खोकं घेऊन पोचला. ताईचे यजमान, भावोजी, बस डेपोत वेळा नोंदवणारे. त्यांनी टेबल मोकळं करून दिलं. जुना कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून टेबलाखाली गेला.

"मास्तर कुठाय?" ताईने हेडफोन लावता लावता विचारलं.

"आता मास्तर नाही. आता हे ऐक."

त्याने नवा आवाज लावला. बाईचा आवाज होता, रेडिओवर बातम्या देणारीसारखा. वाक्याच्या मध्ये ती चक्क श्वास घ्यायची. भावोजी दारातून म्हणाले, "अरे वा, ही तर खरीच आहे!" ताईने दोन-तीन वाक्यं ऐकली. मग सवयीने वेग वाढवला. बाई घाईघाईने बोलू लागली आणि शब्द एकमेकांत मिसळले.

"वेग जरा कमी ठेव," तो म्हणाला. "सुरुवातीला अवघड वाटेल. होईल सवय."

"बरं," ताई म्हणाली.

तो खुशीत घरी गेला. त्या शुक्रवारच्या लेखात त्याने लिहिलं की घरच्याच एका माणसाला हे यंत्र दिलं आहे, आवाज अगदी माणसासारखा आहे, ज्यांच्या घरी अशी गरज असेल त्यांनी डोळे झाकून घ्यावं. 'डोळे झाकून' हे आपण काय लिहिलं, हे त्याच्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

नंतरचे तीन आठवडे त्याने दोनदा फोन केला. "कसं चाललंय?" "चाललंय." यापलीकडे ताई काही बोलली नाही, आणि त्यानेही फार खोदलं नाही. नवीन मॉडेलं जाहीर होत होती. एका रुग्णालयाच्या चार लिफ्टा एकदम बिघडल्या होत्या.

मग एका गुरुवारी दुपारी भावोजींचा फोन आला. तो तेव्हा गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीत होता, दोरखंडाला तेल देत.

"कामात आहेस?"

"बोला ना, भावोजी."

"मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. ती आता रविवारीही बसते. आधी तीन वाजता उठायची टेबलावरून, आता सात वाजतात. आणि परवा एक प्रकार झाला. अहवालात चूक गेली."

"ताईच्या? शक्य नाही."

"मलाही तसंच वाटलं. डॉक्टरांनी पकडली म्हणून निभावलं. 'हाड मोडलेलं नाही' असं होतं, तिच्याकडून 'नाही' राहिलं. डॉक्टर काही बोलले नाहीत रे, उलट समजूत घातली तिची. पण त्या दिवसापासून ती जेवताना एक शब्द बोलत नाही."

फोरमनला सांगून तो तसाच निघाला. हात नीट पुसायचेही राहिले.

ताईने त्याच्या पावलांवरूनच ओळखलं. "तेलाचा वास येतोय. कामावरून आलास? तुझ्या भावोजींनी फोन केला वाटतं."

तो खुर्ची ओढून बसला. मनात होतं सरळ विचारायचं, पण तोंडून भलतंच निघालं. "ताई, वेग फार ठेवला असशील तू. त्या आवाजांना एक ठराविक वेग असतो. मी तुला म्हटलं होतं."

ताईने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"छोट्या, एक सांग. उद्या तुला कुणी म्हणालं, तुझ्या पेपरची अक्षरं आता फार सुंदर काढलीत, फक्त एका मिनिटाला एकच ओळ वाचायची, तर तू काय म्हणशील?"

त्याने तेलकट हात पँटला पुसले.

"तुझी ही बाई गोड बोलते. पण माणसासारखी बोलते ना, म्हणून वाक्याच्या शेवटी माणसासारखीच आवाज खाली सोडते. वेग वाढवला की शेवटचा शब्द गडप. आणि माझ्या सगळ्या अहवालांत महत्त्वाचा शब्द शेवटीच असतो. 'आहे' की 'नाही'. मी टाइप करताना 'नाही' गाळलं, ती माझी चूक. तशी आधीही होत असेल. पण तपासताना मास्तर ती पकडून द्यायचा. त्याला 'हाड' काय, 'नाही' काय, सगळे सारखे. ही वाचते तेव्हा मला कळतच नाही, शब्द तिने गिळला की मी."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू एवढ्या हौसेने आणलंस," ती म्हणाली. "आणि मला वाटलं, वय झालं माझं. कानच मंदावले असतील."

हे शेवटचं वाक्य त्याला सगळ्यात लागलं. चोवीस वर्षं जिच्या कानांचं तो लोकांपुढे कौतुक करत आला, तिला त्याच्या भेटीमुळे स्वतःच्या कानांचा संशय आला होता.

"जुनाच लावून दे ना," ती म्हणाली. "चादर काढली की झालं."

"त्याचे अपडेट बंद झालेत. रुग्णांची माहिती आहे त्यात. डॉक्टरांनी पत्रही पाठवलंय, जुनी सिस्टिम चालणार नाही म्हणून."

"मग मास्तरला या नव्यात आण."

"आणतो," तो म्हणाला. हे किती अवघड आहे, याचा त्याला तेव्हा अंदाज नव्हता.

शनिवारी दुपारी तो घरी आपल्या तशाच लॅपटॉपचा पडदा पूर्ण काळा करून बसला आणि नुसत्या आवाजावर आपला लेख लिहू लागला. बायको बाहेरून आली. "काय झालं, बिघडला?"

"नाही. ताई कशी काम करते ते बघतोय."

बायकोने पिशवी खाली ठेवली आणि शेजारी बसली. वीस मिनिटांत त्याच्या चार ओळी झाल्या. बायकोने पडदा उजळला तेव्हा दोन ओळी एकमेकींत शिरलेल्या निघाल्या. बाण दाबला की बाई बोलायच्या आधी किंचित थांबायची, घसा खाकरल्यासारखी. एका शब्दाला ते जाणवत नव्हतं. पण ताई दिवसाला हजारो वेळा बाण दाबायची.

मग त्याने या लॅपटॉपची वाचलेली सगळी परीक्षणं पुन्हा उघडली. अकरा होती. कुणी बॅटरी मोजली होती, कुणी खेळ चालवून पाहिले होते, कुणी बिजागरी हजार वेळा उघडझाप केली होती. पडदा बंद करून कुणीच बसलं नव्हतं. बारावं परीक्षण त्याचं स्वतःचं. त्यात आवाजावर एक ओळ होती, आणि ती त्याने कंपनीच्या पत्रकावरून जवळजवळ उचललेली होती. पाटीवरची आठ माणसं त्याने न मोजता मान्य केली होती.

मास्तरला नव्या यंत्रात आणायला गेला आणि तिथे घोडं अडलं. मास्तर घडवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. हक्क दुसरीने घेतले, दुसरीकडून तिसरीने, आणि तिसरी पत्रांना उत्तर देत नव्हती. मास्तर जुन्या जातीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेला होता. नव्या लॅपटॉपमध्ये जुने प्रोग्रॅम भाषांतर करून चालवायची सोय होती, आणि बहुतेक प्रोग्रॅम त्यावर मजेत चालायचे. मास्तरही चालला, पण पाऊण सेकंद उशिराने. बोट पुढे गेल्यावर मागचं अक्षर ऐकू यायचं. ताईने दोन मिनिटं ऐकून मान हलवली. "जिना उतरताना पायरी उशिरा पायाखाली येते असं वाटतंय."

त्याने हात टेकायचे तेवढे बाकी होते. मग सोमवारी एका विमा कार्यालयाच्या तळघरात लिफ्टचा खड्डा साफ करताना भिंतीशी रचलेले जुने कॉम्प्युटर त्याला दिसले. काळी, बोजड खोकी, चारी बाजूंनी धूळ. त्याने वाकून खोक्यावरचं प्रोसेसरचं लेबल वाचलं. नव्या सिस्टिमची यादी त्याला पाठ होती, शिव्या देता देता पाठ झाली होती. हा प्रोसेसर यादीत होता, शेवटून दुसऱ्या ओळीत. जुनीच जात, आणि नव्या सिस्टिमला चालणारा. व्यवस्थापकांना विचारलं तर ते म्हणाले, "न्या की. चार दिवसांनी भंगारवाला येणारच आहे."

खोकं त्याने उघडून धुवावं तसं साफ केलं. पंखा बदलला, मेमरी वाढवली, नवी डिस्क घातली. सिस्टिम बसली, पण मास्तर बसेना. तो बसताना परवान्याची किल्ली तपासायला कंपनीच्या सर्व्हरला विचारायचा, आणि तो सर्व्हर आता जगात नव्हता. शेवटी त्याने उलट्या बाजूने सुरुवात केली. ताईच्या जुन्या कॉम्प्युटरची डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवली, मास्तरसकट, आणि तिच्यावरच नवी सिस्टिम चढवायला घेतली. पहिल्यांदा अर्ध्यात अडली. दुसऱ्यांदा सगळं चढलं, पण आवाजच गेला. तिसऱ्या खेपेला त्याने आधी साउंडचा जुना ड्रायव्हर काढून टाकला आणि मग चढवली. खोकं पुन्हा सुरू झालं आणि स्पीकरमधून पत्र्यावर वाटाणे पडले.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "हे काय पडलं?"

"मास्तर," तो म्हणाला. त्याला एकदम हसू आलं आणि डोळेही भरून आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने खोकं ताईच्या टेबलावर ठेवलं. भावोजींनी ते चहूबाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, "दिसायला अगदीच हे आहे."

"मला काय करायचंय?" ताई म्हणाली आणि हेडफोन लावला.

तिने एक जुना अहवाल उघडला. बोटं आधी हळू चालली, मग जोरात. तिचे खांदे खाली आले. महिनाभर ते वर चढलेले होते, हे त्याला ते खाली आल्यावर कळलं. मध्येच ती थांबली, दोन शब्द मागे गेली, एक वेलांटी दुरुस्त केली आणि पुढे सरकली.

"हा किती वर्षं चालेल?" तिने विचारलं.

त्याला सवयीने मोठं काहीतरी सांगावंसं वाटलं. मग तो म्हणाला, "चार, फार तर पाच. पुढच्या सिस्टिमच्या यादीत हा नसणार. तेव्हा काय करायचं, ते मला आत्ता माहीत नाही."

"चालेल," ताई म्हणाली. "पण तेव्हा आणायच्या आधी मला विचार. मी ऐकून सांगेन, ठेवायचं की नाही."

त्या शुक्रवारचा लेख लिहायला त्याला चार दिवस लागले. आपण न तपासता शिफारस केली, ती मागे घेतो, हे त्याने पहिल्याच परिच्छेदात लिहिलं. यंत्राला वाईट म्हटलं नाही, कारण ते वाईट नव्हतंच. त्याची बायको तोच लॅपटॉप दुकानाच्या याद्यांसाठी आनंदाने वापरू लागली होती. वेगाने ऐकणाऱ्यांना कुठला आवाज लागतो, का लागतो, आणि तो कुठल्या प्रोसेसरवर चालत नाही, हे मात्र त्याने मोजून मांडलं. वेबपेजवर टाकण्याआधी लेख ताईला पाठवला. दहा मिनिटांत तिचा फोन आला.

"'दिलगीर'मधली पहिली वेलांटी दीर्घ टाकलीस. आणि ते 'बिचारी' काढ."

"कुठे आहे बिचारी?"

"चौथ्या परिच्छेदात. मी चार ओळी मागे जाऊन दोनदा ऐकलं. मास्तर खोटं बोलत नाही."

त्याने 'बिचारी' काढलं.

एरवी लेखाखाली वाद व्हायचे, या वेळी पत्रं आली. नऊ आली. त्यातलं एक होतं मोठ्या कारखान्याच्या टेलिफोनवर बसणाऱ्या एका बाईचं. त्यांनाही दिसत नव्हतं, आणि पुढच्या महिन्यात त्यांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर बदलणार होता. आपण साहेबांना काय सांगायचं, हे त्यांना हवं होतं. त्याने उत्तर लिहायला घेतलं, तांत्रिक मुद्दे मांडले, पुसले, पुन्हा मांडले. मग ताईला विचारलं.

"पत्राने काय होणार?" ताई म्हणाली. "साहेबाच्या कानाला लावायला हवा तो आवाज. मंगळवारी मला अहवाल कमी असतात. तुला सुट्टी मिळेल?"

फोरमनने सुट्टी दिली, वर विचारलं, "बातमी काय आहे?" "आधी तपासून येतो, मग सांगतो," तो म्हणाला. मंगळवारी दहा वाजता तो आणि ताई, दोन्ही आवाज रेकॉर्ड करून ठेवलेला लॅपटॉप घेऊन, कारखान्याच्या फाटकापाशी उतरले. पहारेकऱ्याने नावं लिहून घेतली. टेलिफोनवरच्या बाई स्वतः काठी टेकत दारापर्यंत आल्या होत्या. दोघींनी एकमेकींचे हात हातात घेतले आणि दोन मिनिटांत त्या आवाजांच्या वेगावर बोलू लागल्या, तो शेजारी उभा आहे हे विसरून. साहेबांच्या खोलीत आधी त्याने तोंड उघडलं. ताईने त्याच्या दंडावर बोटं ठेवली, तसा तो थांबला.

"साहेब, आधी तुम्ही हा हेडफोन लावा," ताई म्हणाली. "मग बोलू."